मराठी ऑनलाइन अर्जातील त्रुटी-संदेश कसे लिहावेत आणि केव्हा दाखवावेत?

प्रश्न — चौकट (प्रश्नकर्त्याचे टोपणनाव)

एका तालुक्याच्या गावातील पतसंस्थेसाठी सभासदत्वाचा ऑनलाइन अर्ज नव्याने तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सध्याचा अर्ज काही वर्षांपासून वापरात आहे आणि त्याबद्दलची मुख्य तक्रार अशी की, अर्ज अडतो तेव्हा तो कशामुळे अडला हे अर्जदाराला कळत नाही. पंचवीसएक रकाने भरून ‘अर्ज पाठवा’ हे बटण दाबले की पानाच्या माथ्यावर लाल अक्षरांत ‘अवैध माहिती. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ एवढेच येते. काही वेळा हे वाक्यही येत नाही, तर ब्राउझरचा स्वतःचा इंग्रजी फुगा उमटतो आणि दोन-तीन सेकंदांत नाहीसा होतो. मग लोक कार्यालयात फोन करतात. फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्यालाही पलीकडच्या पडद्यावर काय अडले आहे हे समजण्याचा मार्ग नसतो, आणि शेवटी सभासदाला कागदी अर्ज भरण्यासाठी शाखेत बोलावले जाते.

अर्ज भरणाऱ्यांत शेतकरी, निवृत्त शिक्षक, दुकानदार आणि बचत गटांतील महिला आहेत. बहुतेक जण मोबाइलवरूनच अर्ज भरतात आणि त्यांतील बरेच मराठी कीबोर्ड वापरतात. अर्जात नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल क्रमांक, जन्मतारीख, पॅन, आधार, बँक खाते, आयएफएससी (बँक शाखेचा संकेतांक) आणि छायाचित्र हे मुख्य रकाने आहेत.

मला प्रामुख्याने तीन बाबींवर मार्गदर्शन हवे आहे. संदेशात किती तपशील द्यावा, आणि सगळ्या रकान्यांसाठी ‘अमुक चुकीचे आहे’ असा एकच साचा ठेवून त्यात रकान्याचे नाव भरणे योग्य ठरेल का? संदेश अक्षर टाइप होत असताना दाखवावा, रकाना सोडताच दाखवावा, की अर्ज पाठवताना एकदम सगळे दाखवावेत? आणि शेवटची बाब भाषेच्या स्वराची: संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा आग्रह आहे की ज्येष्ठ सभासदांना ‘भरा’, ‘तपासा’ अशी आज्ञार्थी वाक्ये उद्धट वाटतील, म्हणून प्रत्येक संदेशाची सुरुवात ‘कृपया’ने करावी. हा आग्रह मान्य करावा का?

प्रतिसाद — कानामात्रा

‘अवैध माहिती’ हे वाक्य वाचून कोणता रकाना अडला, त्यात काय आढळले आणि आता काय करायचे, यांपैकी काहीही कळत नाही. संगणकाला मात्र पहिल्या दोन गोष्टी नेमक्या ठाऊक असतात, कारण त्याशिवाय त्याने अर्ज अडवलाच नसता. ठाऊक असलेली माहिती अर्जदारापासून दडवून त्याला ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. शाखेच्या खिडकीवरचा अनुभवी कारकून अर्ज परत करताना रकान्यावर बोट ठेवून ‘इथे एक आकडा राहिलाय’ असे सांगतो. पडद्यावरच्या संदेशाकडून याहून कमी अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही. याकब नीलसन यांनी १९९४ मध्ये वापरसुलभतेची जी दहा तत्त्वे मांडली, त्यांतील नववे याच विषयाचे आहे: चूक ओळखता यावी, तिचे कारण कळावे आणि तिच्यातून बाहेर पडता यावे.

आता प्रत्यक्ष वाक्ये पाहू. पिनकोडसाठी ‘पिनकोड चुकीचा आहे’ असे न लिहिता ‘पिनकोड ६ अंकी असतो. येथे ५ अंक आहेत.’ असे लिहा. मोजणी संगणकाने करायची, अर्जदाराने नव्हे. पॅनची रचना ठरलेली आहे: पहिली पाच इंग्रजी अक्षरे, मग चार अंक आणि शेवटी एक इंग्रजी अक्षर. त्यामुळे कितव्या जागी गडबड आहे हे तुम्हाला सांगता येते: ‘पॅनमध्ये सातव्या जागी अंक हवा. तेथे इंग्रजी ओ हे अक्षर आहे. ते शून्य असावे.’ जन्मतारखेसाठी ‘तारीख योग्य स्वरूपात भरा’ हे वाक्य सर्रास दिसते आणि ते सर्वांत निरुपयोगी आहे, कारण योग्य स्वरूप कोणते हे ते सांगतच नाही. ३१/०६/१९६५ अशी तारीख आली तर ‘जून महिन्यात ३० दिवस असतात. दिवस तपासा.’ एवढे पुरते. जाता जाता एक सूचना: आपल्याकडे असंख्य ज्येष्ठांची कागदोपत्री जन्मतारीख शाळेत नोंदलेली १ जून असते आणि खरी तारीख वेगळी असते, म्हणून रकान्याच्या नावातच ‘आधार किंवा पॅनवरील जन्मतारीख’ असे लिहा. जो गोंधळ रकान्याच्या नावाने टळतो, त्यासाठी पुढे त्रुटी-संदेश लिहावा लागत नाही.

एकाच साच्याचा विचार मात्र पूर्णपणे सोडून द्या. इंग्रजीत रिकाम्या जागी रकान्याचे नाव घातले की वाक्य निभावून जाते. मराठीत निभावत नाही. पत्ता चुकीचा असतो, जन्मतारीख चुकीची असते आणि नाव चुकीचे असते. विभक्ती लागली की अडचण आणखी वाढते, कारण ‘पिनकोडमध्ये’ हे रूप ठीक दिसले तरी त्याच साच्यातून ‘पत्तामध्ये’ आणि ‘तारीखमध्ये’ अशी अशुद्ध रूपे बाहेर पडतात. तेथे ‘पत्त्यात’ आणि ‘तारखेत’ हवे. वचनाचेही तसेच आहे: ‘१ अंक कमी आहे’, पण ‘२ अंक कमी आहेत’. भाषांतरासाठीच्या काही तयार कोड-संचांत (लायब्ररींत) लिंग आणि वचनानुसार पर्याय निवडण्याची सोय असते. वचनासाठी ती जरूर वापरा; सामान्यरूपासाठी तिच्या मागे लागू नका. पंचवीस रकान्यांसाठी प्रत्येकी दोन-तीन संदेश धरले तरी साठ-सत्तर वाक्ये होतात. ती हाताने, प्रत्येक रकान्याचा स्वतंत्र विचार करून लिहावीत आणि एका फाइलमध्ये ठेवावीत, म्हणजे संस्थेतील जाणत्या माणसाला कोडला हात न लावता ती वाचता आणि दुरुस्त करता येतील.

‘कृपया’विषयी पदाधिकाऱ्यांची काळजी मी समजू शकते, परंतु ‘भरा’, ‘निवडा’, ‘तपासा’ ही रूपे मुळातच आदरार्थी आहेत. ‘भर’ आणि ‘तपास’ ही एकेरी रूपे असती तर आक्षेप योग्य ठरला असता. सात संदेश एकाखाली एक आले आणि सातही ‘कृपया’ने सुरू झाले, तर डोळ्याला प्रत्येक ओळीचा पहिला शब्द सारखाच दिसतो आणि कामाचा शब्द मागे पडतो. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांसाठी जे रचना-मार्गदर्शन आहे, त्यातही संदेशांत विनंतीचे आणि क्षमायाचनेचे शब्द घालू नयेत असे स्पष्ट सांगितले आहे. उद्धटपणा खरोखर कोठे येत असेल तर तो आरोपात येतो: ‘तुम्ही चुकीचा क्रमांक भरला आहे’ या वाक्यात माणूस दोषी ठरतो, तर ‘क्रमांकात ९ अंक आहेत, १० हवेत’ या वाक्यात केवळ क्रमांकाविषयी विधान आहे. कर्ता ‘तुम्ही’ ठेवण्याऐवजी रकान्यातील मजकूर ठेवा. नम्रता आपोआप साधते.

संदेश केव्हा दाखवावा याबद्दल माझे मत असे की, रकाना सोडताच दाखवावा, कारण त्या क्षणी कागद हातात असतो आणि लगेच दुरुस्ती करता येते.

प्रतिसाद — उंबरठा

वरील प्रतिसादातील भाषेबद्दलच्या सर्व मुद्द्यांशी मी सहमत आहे. मात्र संदेशाचे वाक्य लिहायला घेण्यापूर्वी प्रत्येक रकान्याला एक प्रश्न विचारायला हवा: ही खरोखर चूक आहे, की आपल्या प्रणालीला समजून घेता न आलेली बरोबर माहिती आहे? मराठी अर्जांत दुसऱ्या प्रकारचे प्रसंग फार आहेत, आणि त्यांवरचा उपाय चांगला संदेश लिहिणे हा नसून संदेश येऊच न देणे हा आहे.

सर्वांत ठळक उदाहरण देवनागरी अंकांचे आहे. मराठी कीबोर्डवरून कोणी मोबाइल क्रमांक ९८… असा लिहिला तर तो क्रमांक पूर्णपणे बरोबर असतो. परंतु युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकीय क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत, देवनागरी अंकांचे संकेतांक स्वतंत्र आहेत, आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेच्या रेजेक्समध्ये (मजकुराची रचना तपासण्याच्या सूत्रात) अंकासाठी वापरले जाणारे ‘बॅकस्लॅश डी’ हे चिन्ह केवळ इंग्रजी अंकच ओळखते. पायथॉन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत तेच चिन्ह साध्या मजकुरातील देवनागरी अंकही ओळखते. म्हणजे सर्व्हर पायथॉनचा असेल तर ब्राउझर नाकारत असलेला क्रमांक सर्व्हरने आनंदाने स्वीकारला असता, आणि चाचणी केवळ सर्व्हरवर घेणाऱ्याला ही अडचण कधी दिसणारही नाही. यावर उपाय दहा ओळींचा आहे: पडताळणीपूर्वी देवनागरी अंकांचे इंग्रजी अंकांत रूपांतर करा, मधल्या मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढून टाका, सुरुवातीचे +९१ किंवा ० बाजूला करा, आणि मगच अंक मोजा. हा रकाना ‘नंबर’ प्रकारचा ठेवू नका. मजकुराचा ठेवून ‘इनपुटमोड’ या एचटीएमएल गुणधर्माने अंकांचा कीबोर्ड मागवा. ‘नंबर’ प्रकारच्या रकान्यात ओळखता न येणारे चिन्ह आले की काही ब्राउझर स्क्रिप्टच्या हाती रिकामी किंमत देतात, आणि मग समोर क्रमांक दिसत असतानाही ‘मोबाइल क्रमांक भरा’ असा संदेश येतो. अर्जदाराचा विश्वास उडवण्याचा याहून खात्रीशीर मार्ग नाही.

लँडलाइनचे तपशील पाहण्यासारखे आहेत. भारतातील मोबाइल क्रमांक १० अंकी असून ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. पुण्याचा ०२० किंवा कोल्हापूरचा ०२३१ हा संकेतांक असलेला क्रमांक कोणी दिला, तर पुढचे शून्य काढल्यावर तो २ ने सुरू होतो, आणि तुम्हाला खात्रीने सांगता येते: ‘हा लँडलाइन क्रमांक दिसतो. ओटीपी पाठवण्यासाठी मोबाइल क्रमांक हवा.’ नागपूरचा ०७१२ किंवा अमरावतीचा ०७२१ मात्र शून्य काढल्यावर ७ ने सुरू होतो आणि मोबाइल क्रमांकासारखाच दिसतो. तेथे रचनेवरून काहीही ठरवता येत नाही. ओटीपी पोहोचतो की नाही हीच खरी पडताळणी. त्यामुळे ओटीपीच्या पानावर ‘संदेश आला नसेल तर क्रमांक बदला’ हा दुवा आणि भरलेला क्रमांक ठळकपणे दिसला पाहिजे.

नावाच्या रकान्याची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण स्वतःचे नाव चुकीचे आहे असे संगणकाकडून ऐकून घेणे कोणालाही दुखावणारे असते. ‘नावात फक्त अक्षरे चालतील’ अशी तपासणी करताना बहुतेक जण युनिकोडचा ‘अक्षर’ हा वर्ग वापरतात. देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हे त्या वर्गात येत नाहीत. ते ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात आहेत. परिणामी ‘कमल’ हे नाव चालते आणि ‘कमला’ अडते. चिन्हांचा वर्ग जोडल्यावरही एक गोष्ट उरते. गोऱ्हे, कुऱ्हाडे अशा आडनावांतील ऱ्ह दोन पद्धतींनी लिहिला जातो, आणि त्यांपैकी एका पद्धतीत र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. हे जोडचिन्ह अक्षरही नाही आणि मात्राही नाही, म्हणून तपासणीत ते नापास होते, आणि अर्जदाराला पडद्यावर मात्र सर्व काही शुद्ध दिसत असते. ॲ हे अक्षरही काही कीबोर्ड याच अदृश्य चिन्हाने जोडून लिहितात. वसई किंवा गोव्याकडील डि’सोझा यांच्या नावातील अपॉस्ट्रॉफीही चालायला हवी. माझा सल्ला असा की, नावात अंक किंवा कंसासारखी चिन्हे आली तरच विचारणा करा, आणि तीही थांबवणारी नव्हे: ‘नावात 5 हा अंक आहे. नाव असेच असेल तर पुढे जा.’

लांबीची मर्यादाही मराठीत वेगळी वागते. ‘श्रीकृष्ण’ हे नाव वाचणाऱ्याला तीन अक्षरांचे दिसते, परंतु ब्राउझरच्या ‘मॅक्सलेंग्थ’ या लांबी-मर्यादेच्या मोजणीत ते ९ भरते, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत बाइटने मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये २७. म्हणून ‘नाव ३० अक्षरांपेक्षा मोठे आहे’ हा संदेश अर्जदाराच्या दृष्टीने अनेकदा खोटा असतो. मर्यादा इतकी मोठी ठेवा की हा संदेश दाखवण्याची वेळच येऊ नये.

शेवटी, ज्या तपासण्या वरवर हुशारीच्या वाटतात त्यांच्यापासून सावध राहा. व्यक्तीच्या पॅनमधील चौथे अक्षर पी असते आणि पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. हे वाचून आडनावाशी ताडून पाहण्याचा मोह होतो. परंतु विवाहानंतर आडनाव बदलले तरी पॅन क्रमांक तोच राहतो, त्यामुळे अशी तपासणी नेमकी विवाहित महिलांचे बरोबर पॅन नाकारते. पिनकोडवरून जिल्हा ठरवून नाकारण्याचेही तसेच आहे: पिनकोड टपाल वाटप करणाऱ्या कार्यालयाचा असतो आणि त्याच्या हद्दी महसुली हद्दींशी जुळतीलच असे नाही. अशा ठिकाणी सौम्य सूचना द्या, अडवणूक करू नका.

प्रतिसाद — तळटीप

संदेश रकाना सोडताच दाखवावा या पहिल्या प्रतिसादातील मताशी मी पूर्ण सहमत नाही. मोबाइलवर अर्ज भरणारे लोक रकाने क्रमाने भरत नाहीत. पॅनच्या रकान्यावर बोट पडते, कार्ड आतल्या खोलीत आहे हे आठवते, म्हणून ते पुढे जातात. त्या क्षणी ‘पॅन भरा’ असा लाल संदेश आला तर ज्याने अजून काही केलेलेच नाही त्याला चूक दाखवल्यासारखे होते. अक्षरागणिक तपासणी तर त्याहून वाईट, कारण मोबाइल क्रमांकाचा पहिला अंक टाइप होताच ‘१० अंक हवेत’ असे म्हणण्यात काही अर्थ नाही. मी अशी विभागणी सुचवतो: रकाना रिकामा असल्याचा संदेश केवळ अर्ज पाठवताना यावा, मजकूर भरून रकाना सोडला असेल आणि रचना चुकली असेल तर त्याच वेळी सांगावे, आणि एकदा संदेश आल्यानंतर दुरुस्ती पूर्ण होताच तो तत्काळ नाहीसा व्हावा.

अर्ज पाठवताना एकाहून अधिक चुका आढळल्या तर पानाच्या माथ्यावर एक चौकट दाखवा, तिच्यात प्रत्येक चुकीचे वाक्य द्या आणि ते वाक्य संबंधित रकान्याकडे नेणारा दुवा करा. तेच वाक्य, एकही शब्द न बदलता, रकान्याजवळही असावे. ते रकान्याखाली न देता रकान्याचे नाव आणि रकाना यांच्यामध्ये द्या. मोबाइलवर कीबोर्ड उघडला की पडद्याचा खालचा भाग झाकला जातो आणि खालचा संदेश दिसत नाही. भरलेली माहिती कोणत्याही परिस्थितीत पुसली जाऊ नये.

दृष्टिबाधित अर्जदारांचा विचार या टप्प्यावरच करावा लागतो, नंतर जोडून चालत नाही. वेब सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत, ज्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, निकष ३.३.१ सांगतो की चूक मजकुरातून ओळखता यावी आणि ३.३.३ सांगतो की दुरुस्ती ठाऊक असेल तर ती सुचवावी. केवळ रकान्याची कड लाल केल्याने हे भागत नाही. लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्यांना तर त्यातून काहीच कळत नाही. संदेश ‘अरिया-डिस्क्राइब्डबाय’ या गुणधर्माने रकान्याशी जोडला तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर) रकान्यावर येताच तो वाचतो. आणि पानाची भाषा ‘लँग’ या गुणधर्मात मराठी म्हणून घोषित केलेली असावी, अन्यथा मराठी वाक्य इंग्रजी उच्चारांच्या नियमांनी वाचण्याचा प्रयत्न होतो आणि ऐकणाऱ्याला काही बोध होत नाही.

तुमच्या प्रश्नातील इंग्रजी फुग्याचे कारणही सांगतो. तो फुगा ब्राउझरच्या स्वतःच्या भाषेत येतो, पानाच्या भाषेशी त्याचा संबंध नसतो. पान मराठी आणि फोन इंग्रजीत असेल तर फुगा इंग्रजीच येणार. फॉर्मला ‘नोव्हॅलिडेट’ हा ब्राउझरची स्वतःची तपासणी बंद करणारा गुणधर्म लावा आणि सर्व संदेश स्वतः दाखवा.

चौकट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साचा सोडून प्रत्येक रकान्याची वाक्ये स्वतंत्रपणे लिहायला घेतली आहेत आणि ‘कृपया’ केवळ माथ्यावरच्या चौकटीत एकदा ठेवण्यास पदाधिकारी राजी झाले आहेत. तीन प्रसंगांचे वाक्य मात्र अजून जमत नाही. रचनेने बरोबर असलेला, पण आमच्याकडील बँक-शाखांच्या यादीत नसलेला आयएफएससी आल्यास काय लिहावे? आधार क्रमांक १२ अंकी आहे, पण तपासणी-अंक (टाइप करतानाची चूक पकडणारा शेवटचा अंक) जुळत नाही, तेव्हा काय म्हणावे? आणि अर्जदाराचे वय १८ पेक्षा कमी निघाले तर तो त्रुटी-संदेश मानावा का?

प्रतिसाद — उंबरठा

आयएफएससीपासून सुरुवात करतो. त्यात ११ चिन्हे असतात: पहिली चार बँकेची अक्षरे, पाचवे नेहमी शून्य आणि पुढील सहा शाखेची. पाचव्या जागी ओ आले तर संदेश देत बसू नका. शून्य करून घ्या आणि बदल केला हे रकान्याजवळ दिसू द्या. यादीत नसलेल्या संकेतांकामागे ग्रामीण भागात बहुतेक वेळा बँकांचे विलीनीकरण असते. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, आंध्र बँक आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, तर अलाहाबाद बँक इंडियन बँकेत गेली. त्यानंतर जुने संकेतांक टप्प्याटप्प्याने बंद झाले, पण जुनी पासबुके लोकांच्या कपाटात अजून आहेत, आणि अर्जदार त्यावरचा छापील संकेतांक अचूक उतरवून घेत असतो. त्याला ‘आयएफएससी चुकीचा आहे’ म्हटले तर तो पासबुक पुन्हा पाहतो, तोच संकेतांक पुन्हा भरतो आणि पुन्हा अडतो. पहिली चार अक्षरे ओळखून असे लिहा: ‘हा संकेतांक सिंडिकेट बँकेचा आहे. ही बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली असून जुना संकेतांक आता चालत नाही. नवीन संकेतांक कॅनरा बँकेच्या पासबुकावर किंवा धनादेशावर मिळेल.’ वाक्य लांब झाले तरी हरकत नाही. येथे अर्जदाराला कारण कळणे आवश्यक आहे. विलीन न झालेल्या बँकेचा अनोळखी संकेतांक आला तर शाखेचे नाव विचारून अर्ज पुढे जाऊ द्या, कारण तुमची यादीही जुनी असू शकते.

आधारचा शेवटचा अंक व्हर्होफ पद्धतीने काढलेला तपासणी-अंक असतो. डच गणितज्ञ याकोबस व्हर्होफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही पद्धत एखादा अंक बदलला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ते हमखास पकडते. म्हणजे जुळणी झाली नाही तर ती टाइप करतानाची चूक असण्याचीच शक्यता सर्वाधिक आहे, आणि संदेशानेही तेच म्हणावे: ‘आधार क्रमांकात एखादा अंक बदलला आहे किंवा मागेपुढे झाला आहे. कार्डावरील चार-चार अंकांच्या गटांशी ताडून पाहा.’ भरलेला क्रमांकही चार-चार अंकांच्या गटांतच दाखवा. ‘हा आधार क्रमांक अस्तित्वात नाही’ असे लिहू नका; ते तुम्ही तपासलेलेच नाही.

वयाची गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासद होणारी व्यक्ती करार करण्यास पात्र असावी लागते, म्हणून १८ वर्षांची अट येते. सतरा वर्षांच्या अर्जदाराने जन्मतारीख अचूक भरली आहे. त्याच्या रकान्याला लाल कड देणे म्हणजे खरे लिहिल्याबद्दल त्याला चूक ठरवणे, आणि त्यातून तारीख बदलून पाहण्याचा मोहही होतो. त्यामुळे हा संदेश त्रुटींच्या चौकटीत न ठेवता स्वतंत्र पानावर, साध्या रंगात द्या: ‘सभासद होण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. या जन्मतारखेनुसार तुम्ही १२ मार्च रोजी अर्ज करण्यास पात्र व्हाल.’ पात्रतेची तारीख संगणकाने काढून दिली की शाखेत तेवढ्यासाठी फोन करावा लागत नाही.

संदेश नेमका असावा या नियमाला वर कोणी न मांडलेला एक अपवाद सांगणे आवश्यक आहे. भरलेला पॅन आधीच एखाद्या सभासदाच्या नावावर नोंदलेला असेल, तर सर्वांत नेमका संदेश ‘हा पॅन सभासदाच्या नावावर आधीच नोंदलेला आहे’ असा होईल. परंतु मग कोणीही दुसऱ्याचा पॅन भरून ती व्यक्ती संस्थेची सभासद आहे की नाही हे शोधू शकेल. येथे जाणूनबुजून कमी सांगावे: ‘हा अर्ज ऑनलाइन पूर्ण करता येत नाही. पुढील कार्यवाहीसाठी शाखेशी संपर्क साधा.’ मात्र त्याखाली शाखेचा दूरध्वनी क्रमांक, कामकाजाची वेळ आणि एक छोटा संदर्भ-संकेत द्या, म्हणजे फोन घेणाऱ्याला अर्ज कोठे अडला हे लगेच कळेल. असाच संकेत प्रत्येक संदेशाला ठेवलात तर कोणता संदेश वारंवार येतो याची नोंदही ठेवता येईल. त्या नोंदीत संकेत आणि वेळ एवढेच असावे. रकान्यात भरलेला आधार किंवा पॅन लॉगमध्ये उतरता कामा नये.